पहिल्या स्कायडायव्हला काय घालून जावं?

उडीचं बुकिंग झालं की पहिला प्रश्न थंडीचा येतो: वर किती गार असेल, जॅकेट किती जाड घेऊ? दुसरा येतो फोटोचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते नंतरचे. टँडेम उडीत, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या छातीला जोडून घेऊन मारायच्या उडीत, तुम्हाला हवेत धरून ठेवतो तो हार्नेस. मांड्या, कंबर, छाती, खांदे असे सगळीकडून त्याचे पट्टे येतात आणि ते तुमच्या कपड्यांवरच बसतात. कपडा चुकला की पट्टा नीट बसत नाही. म्हणून आधी पट्ट्यांचा विचार करायचा, मग वाऱ्याचा आणि मग थंडीचा.

हे मार्गदर्शन पहिल्यांदा टँडेम उडी मारणाऱ्यांसाठी आहे, मग ती हरियाणातल्या नारनौलला असो, दुबईत पामवर असो की थायलंडमध्ये पट्टायाला. एकट्याने उडी मारायला शिकणार असाल त्यांच्यासाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे.

पायरी १: बुकिंग करतानाच चार गोष्टी विचारून घ्या

केंद्र जंपसूट देतं का? जंपसूट म्हणजे कपड्यांवरून चढवायचा एकसलग पोशाख. थंड प्रदेशात तो बहुधा मिळतो, गरम ठिकाणी बऱ्याचदा नाही. मिळणार असेल तर आत कमी कपडे लागतात. हातमोजे मिळतात का? चष्म्यावरून बसणारा गॉगल आहे का? आणि वजनाची मर्यादा किती?

शेवटचा प्रश्न कपड्यांच्या गप्पांत उगाच घुसवल्यासारखा वाटेल, पण वजन करताना तुम्ही बहुतेक ठिकाणी बूट-कपड्यांसकट काट्यावर उभे राहता. मर्यादा केंद्रागणिक वेगळी असते, साधारण ९० ते १०० किलोंच्या आसपास. जड बूट, जीन्स आणि जाड जॅकेट मिळून दोन-अडीच किलो सहज भरतात. मर्यादेच्या काठावर असाल तर हलके बूट आणि हलकी पँट हाच उपाय, कारण काट्यावरून उतरल्यावर वाद घालून उपयोग होत नाही. पॅराशूट किती वजन झेलणार आणि उतरताना वेग किती राहणार, हे त्याच आकड्यावर ठरतं.

पायरी २: वरच्या थंडीचा अंदाज काढा

हिशेब सोपा आहे. दर १,००० फुटांना तापमान साधारण २ अंश सेल्सिअसने उतरतं. उडी १०,००० फुटांवरून असेल तर जमिनीवरच्या तापमानातून २० वजा करा. १३,००० फुटांवरून असेल तर २६. जमिनीवर ३० अंश असतील तर १०,००० फुटांवर १० अंश आणि १३,००० फुटांवर ४ अंश. उत्तर भारतातल्या जानेवारीत सकाळी खाली १० अंश असतील तर १०,००० फुटांवर शून्याखाली १०. हा अंदाज आहे. धुक्याच्या पहाटे खालचीच हवा जास्त गार असते, तेव्हा वर इतका फरक पडत नाही. उडीची उंची केंद्राकडून आणि त्या वेळचं तापमान मोबाइलवरून घ्या, की तुमचा आकडा तयार.

आता या थंडीत किती वेळ राहायचं? मुक्त पतन, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीचं कोसळणं, १०,००० फुटांवरून साधारण अर्धा मिनिट आणि १३,००० फुटांवरून पाऊण ते एक मिनिट. वेग ताशी १९० ते २०० किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात गारठायला हवं, पण छातीत इतकी धडधड असते की तेव्हा थंडी कळतच नाही. थंडी खरी लागते ती दोनदा. एकदा विमान वर चढताना, कारण तिथे विमानाच्या ताकदीनुसार १५ ते २५ मिनिटं न हलता बसायचं असतं. आणि पुन्हा पॅराशूट उघडल्यावरच्या पाच-सहा मिनिटांत, बोटं बधिर झालेली असताना. म्हणजे सगळं मिळून अर्ध्या तासाचा मामला. हिमालयात ट्रेकला जाताना घालतो तेवढे कपडे लागत नाहीत.

वरचं तापमान १० अंशांच्या वर असेल तर एक पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरतो. १० ते ० च्या दरम्यान असेल तर आत पातळ थर्मल, वर अंगाबरोबरचा फ्लीस किंवा स्वेटर. शून्याखाली असेल तर पँटच्या आतही थर्मल आणि मानेभोवती बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी. साधारण ४ अंशांखाली हातमोज्यांशिवाय जाऊ नका. मफलर मात्र चालत नाही, त्याचं टोक सुटणारच.

अंगालगतचा कपडा सुती नको, निदान थंडीत तरी. नंबर लागेपर्यंत उन्हात तास-दोन तास जातात, घाम येतो, सुती बनियन ओलं होतं आणि तेच ओलं कापड १०,००० फुटांवर पाठीला चिकटतं. खेळाचे सिंथेटिक टी-शर्ट किंवा लोकर लवकर वाळतात.

पायरी ३: पँट, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नवखे लोक वरच्या कपड्यांचा विचार करतात आणि खाली कपाटातली नेहमीची जीन्स चढवतात. अडचण नेमकी तिथे होते.

हार्नेसचे दोन पट्टे मांडीच्या अगदी वरच्या टोकाला, जांघेतून फिरतात. पॅराशूट उघडतं तेव्हा काही सेकंदांत तुमचा वेग एकदम खाली येतो आणि शरीराचा जवळजवळ सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर येतो. पुढची पाच-सहा मिनिटं तुम्ही त्यांवरच लटकत बसता. आता जीन्स उलटी करून दोन पायांच्या शिवणी जिथे एकत्र येतात ती जागा बोटाने चाचपून पाहा. तिथे चार बाजूंच्या शिवणी मिळून बोराएवढी कडक गाठ असते. त्या गाठीवर पट्टा आवळला की दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालंच म्हणून समजा. खिशात किल्ली किंवा नाणं राहिलं तर तेही मांडीत तसंच रुतणार.

दुसरी गोष्ट उतरण्याची. टँडेममध्ये बहुतेक वेळा बसून, घसरत उतरतात. जमीन जवळ आली की इन्स्ट्रक्टर "पाय वर" म्हणतो आणि तुम्हाला दोन्ही पाय सरळ समोर, जमिनीला समांतर उचलून धरायचे असतात. पाय वर गेले नाहीत तर तुमचे पाय इन्स्ट्रक्टरच्या आधी जमिनीला लागतात आणि दोघांचा भार घोट्यावर किंवा गुडघ्यावर येतो. पायाच्या दुखापती होतात त्या अशाच. कंबरेत आणि गुडघ्यात आवळणारी पँट असली की माणूस मनापासून जोर लावतो, तरी पाय अर्ध्यातच अडकतात.

म्हणून सगळ्यात चांगली ती ताणली जाणारी ट्रॅकपँट किंवा ट्रेकची पँट. पायाचा घोळ बेताचा, तळाशी इलॅस्टिक असेल तर उत्तम. जाडसर लेगिंग किंवा योगाची पँटही चालते. एक अडचण एवढीच की काही इन्स्ट्रक्टर पाय उचलायला गुडघ्याजवळचं कापड धरून ओढायला सांगतात आणि लेगिंगला धरायला काही नसतं. मग हात गुडघ्याखाली घालून पाय उचलायचे; आधी सराव करून ठेवा. स्ट्रेच जीन्स चालून जाते. न ताणणारी जीन्स, पलाझो, पटियाला, धोती पँट, स्कर्ट आणि शॉर्ट्स नकोत. शॉर्ट्समध्ये पट्टा सरळ कातडीवर घासतो आणि उतरताना मांडीला गवत-खडी लागते. कार्गो पँट त्यातल्या त्यात बरी दिसते, पण तिचे मोठे खिसे वाऱ्याने फुगतात, आणि पट्टा नेमका खिशाच्या झाकणावर आला तर तिथे जाड घडी पडते.

आतल्या कपड्यांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून स्पष्टच लिहितो. पुरुषांनी सैल बॉक्सर घालू नये. तो जांघेत गोळा होतो आणि पट्ट्याखाली वळकटी बनते. अंगाबरोबरची ब्रीफ किंवा खेळाची चड्डी घाला आणि पट्टे आवळण्याआधी सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहून घ्या. आवळल्यावर ते नीट करता येत नाही आणि पॅराशूट उघडताना त्याची किंमत मोजावी लागते. स्त्रियांनी स्पोर्ट्स ब्रा घालावी, तारेची किंवा पुढे हुक असलेली नको. छातीवरचा पट्टा तारेवर दाबला की ती बरगडीत टोचते. पाळी चालू असेल तर उडी मारायला हरकत नाही. पट्ट्यांमुळे पॅड सरकतं, म्हणून घट्ट बसणारी चड्डी आणि पंखांचं मोठं पॅड वापरा, वर गडद रंगाची पँट.

पायरी ४: वरचा कपडा

अंगाबरोबरचा, पूर्ण बाह्यांचा, लांबीला पँटच्या आत खोचता येईल असा. खोचणं महत्त्वाचं आहे. मुक्त पतनात वारा खालून येतो, त्यामुळे टी-शर्ट वर सरकतो आणि पोट उघडं पडतं. फोटोत ते दिसतंच, शिवाय कंबरेचा पट्टा कातडीवर घासतो.

कॉलरचा शर्ट नको. १९० किलोमीटरच्या वाऱ्यात कॉलरची टोकं मानेवर आणि हनुवटीवर सारखी फटफट आपटतात, खाली आल्यावर मान लाल झालेली असते. हूडी तर नकोच. मागची टोपी उडून थेट इन्स्ट्रक्टरच्या तोंडावर जाते. तुमच्या पाठीमागे एक माणूस आहे, त्याला उंची पाहायची आहे, खूण करायची आहे, पॅराशूटची मूठ ओढायची आहे. त्याच्या डोळ्यांसमोर तुमची टोपी फडफडायला नको. हूडीच्या पुढच्या नाड्याही गालावर चाबकासारख्या बसतात. दुसरं काही नसेल तर टोपी आत दुमडून घ्या आणि नाड्या काढून टाका.

ओढणी, स्टोल, बाजूला चिरा असलेला लांब कुर्ता, झालरीचा टॉप हे सगळं घरी ठेवा. चिरा असलेला कुर्ता पँटमध्ये खोचला तरी त्याचं एवढं कापड कंबरेच्या पट्ट्याखाली गोळा होतं की पट्टा नीट बसत नाही.

पफर जॅकेटबद्दल सावध राहा. थंडी म्हटलं की लोक तेच आणतात. त्याच्या फुगवट्यात हवा असते. जमिनीवर त्यावरून पट्टे घट्ट आवळले तरी बसल्या-उठल्यावर हवा दबते आणि पट्टे सैल पडतात. सैल हार्नेसमध्ये शरीर खाली घसरतं आणि पॅराशूट उघडताना खांद्याचे पट्टे कानाशी येऊन आदळतात. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर घाला. वर विंडचीटर हवंच असेल तर बिनटोपीचं आणि अंगाबरोबरचं. विमानात इन्स्ट्रक्टर पट्टे पुन्हा आवळतो. तरीही काही ढिलं वाटलं तर संकोच न करता सांगा.

पायरी ५: बूट आणि मोजे

लेसचे साधे धावायचे किंवा कॅनव्हासचे बूट, पायात पक्के. चप्पल, सँडल, फ्लोटर्स, क्रॉक्स आणि पाय नुसता घालून चढवायचे लोफर वाऱ्याने निघून जातात. १०,००० फुटांवरून पडलेला बूट खाली कोणाला तरी लागू शकतो, हे लक्षात ठेवा. टाचेचे बूट उतरताना जमिनीत रुततात.

ट्रेकचे घोट्यापर्यंतचे बूट आधाराला चांगले, पण त्यांना लेस अडकवायचे धातूचे हूक असतील तर घालू नका. पॅराशूटच्या दोऱ्या बारीक असतात आणि उघडा हूक दोरी पकडण्यासाठीच बनवल्यासारखा असतो. टँडेममध्ये तुमचे पाय दोऱ्यांपासून लांब राहतात, तरी हा नियम सगळीकडे पाळला जातो. लेसची गाठ दुहेरी मारा आणि उरलेली टोकं बुटात खोचा. मोजे घोट्याच्या वर येणारे घ्या म्हणजे पँटचं तोंड त्यांत खोचता येतं.

पायरी ६: केस

लांब केस मोकळे सोडून उडी मारलेले फोटो सुंदर दिसतात. खाली आल्यावर ते केस सोडवायला तास लागतो, कधी कधी कात्री लागते. त्याहून मोठी अडचण अशी की मोकळे केस मागच्या माणसाच्या चेहऱ्यावर आणि गॉगलवर जातात, आणि खांद्याजवळच्या धातूच्या कड्यांत अडकू शकतात. पॅराशूट उघडताना अडकलेला केस मुळापासून ओढला जातो.

उपाय सोपा आहे, पण रबर लावून पोनीटेल घातली की झालं, असं नाही. पोनीटेल चाबकासारखी मागे बसते. डोक्यावर उंच अंबाडा घातलात तर तो नेमका इन्स्ट्रक्टरच्या हनुवटीशी येतो आणि तुम्हाला मान मागे टेकवता येत नाही. मान मागे टेकवणं हा तर उडीच्या पवित्र्याचाच भाग आहे. सगळ्यात चांगली ती मानेलगत घट्ट घातलेली सागरवेणी. तळाला रबर, मध्ये आणखी एक-दोन रबर, आणि वेणीचं टोक टी-शर्टच्या मागच्या गळ्यातून आत सोडायचं. केस फार लांब असतील तर वेणी आत सोडण्याआधी एकदा दुमडून घ्या, नाहीतर ती कंबरेच्या पट्ट्याखाली दाबली जाते आणि मान वळवताना ओढ बसते. क्लचर, धातूच्या पिना, आकडे, गजरा काही नको. काही केंद्रं मऊ टोपी देतात, तिच्यात कपाळावरचे सुटे केसही कोंबा. खांद्यापर्यंतचे केस वेणीत बसत नसतील तर दोन छोट्या वेण्या घाला.

पायरी ७: दागिने, चष्मा, खिसे

अंगठ्या, बांगड्या, कडं, घड्याळ, पैंजण, लोंबती कानातली घरीच ठेवा. केंद्रावर लॉकर असतो, पण बाहेरगावी गेल्यावर अंगठी नेमकी लॉकरमध्येच विसरते. कुडी किंवा चमकी अंगाबरोबर असेल तर राहू द्या, वर सर्जिकल टेप लावा. गॉगल चढवताना आणि काढताना तिच्यात पट्टा अडकतो, तेव्हा चमकी असल्याचं आधीच सांगून ठेवा. जोडवी मोज्याच्या आत दाबत नसतील तर चालतात. काचेच्या बांगड्या मात्र कोणत्याही कारणाने चालत नाहीत. फुटलेली काच तुमच्या आणि इन्स्ट्रक्टरच्या हातांमध्येच असते.

मंगळसूत्राचा प्रश्न अनेकींना पडतो. लांब असेल तर काढून खाली थांबलेल्या घरच्या माणसाकडे द्या. छातीचा पट्टा बरोबर वाटीवर येतो, सर ताणला जातो आणि काळे मणी ओघळतात. काढायचंच नसेल तर आखूड घाला, टी-शर्टच्या आत घ्या आणि गळ्याखाली कातडीला टेपने सपाट चिकटवा. गंडा, दोरा, जानवं कपड्याच्या आत राहिलं तर अडचण नाही.

चष्मा घालून उडी मारता येते. टँडेमच्या मोठ्या गॉगलखाली मध्यम आकाराची फ्रेम बसते, हल्लीच्या रुंद फ्रेम बसत नाहीत. जुना, लहान फ्रेमचा चष्मा असेल तर तो न्या. कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या तरी चालतं. गॉगल घट्ट हवा, आणि सुटे लेन्स किंवा चष्मा खाली बॅगेत असू द्या. गॉगल सैल राहिला की कडेने वारा शिरतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि सगळी उडी धूसर दिसते. गालावर खूण उमटेल इतपत घट्ट असला तरच तो बरोबर बसलाय. काजळ आणि खोट्या पापण्या त्या वाऱ्यात टिकत नाहीत. सनस्क्रीन कपाळावर कमी लावा, घामाबरोबर डोळ्यांत उतरतं. ओठांना मात्र बाम लावा, ते कोरडे पडतात. निघणारी कवळी आणि कानाचं यंत्र खाली ठेवा, तोंडातलं च्युइंगम विमानात बसण्याआधी थुंका.

खिसे रिकामे. मोबाइल, पाकीट, किल्ल्या काही नाही, चेनच्या खिशातही नाही. स्वतःचा कॅमेरा नेऊ का, असं बरेच जण विचारतात. केंद्रं नवख्याला तो नेऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेतली पॅराशूट संघटना कॅमेरा घेऊन उडी मारण्याआधी २०० उड्यांचा अनुभव सांगते, तो उगाच नाही.

फोटोसाठी एवढं लक्षात ठेवा: हार्नेस छाती आणि पोट झाकतो. टी-शर्टवर छापलेलं नाव, घोषणा, चित्र काहीही दिसणार नाही. दिसतात त्या बाह्या, गुडघे, मोजे आणि बूट. निळ्या आकाशापुढे पिवळी, केशरी, लाल बाही उठून दिसते. फेट्याची हौस असेल तर विमानात चढण्याआधी आणि उतरल्यावर जमिनीवर बांधा. झेंडा हातात धरून टँडेम उडी मारता येत नाही.

नऊवारीत उडी मारता येते, मग सहावारीत का नाही?

पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये पट्टायाला १३,००० फुटांवरून नऊवारी नेसून उडी मारली. ती बातमी वाचून अनेकींना साडीची इच्छा होते, म्हणून त्यामागचं तंत्र समजून घ्या.

नऊवारीला काष्टा असतो. दोन्ही पाय वेगळे होतात, म्हणून मांड्यांचे पट्टे जांघेतून फिरवता येतात. गोल नेसलेल्या सहावारीत पायांमध्ये सलग कापड असतं. पट्टा घालायला ते वर गोळा करावं लागतं आणि मग साडी राहतच नाही. नऊवारीतही उरतात निऱ्या, पदर आणि काष्ट्याचा मागचा भाग. हे सगळं वाऱ्यात सुटू नये म्हणून त्यांनी साडी जागोजागी पिना आणि चिकटपट्टीने पक्की केली होती. वर पॅराशूट, हेल्मेट, गॉगल, बूट सगळं होतंच. आणि त्या शेकडो उड्या मारलेल्या, स्वतःचं पॅराशूट स्वतः हाताळणाऱ्या स्कायडायव्हर आहेत. पहिल्या उडीला साडी नेसून जाऊ नका. केंद्र नाही म्हणेल आणि ते मान्य करा.

पायरी ८: आदल्या रात्री घरी घालून पाहा

सगळे कपडे, बूट आणि वेणीसकट. दहा मिनिटं लागतात.

आधी उकिडवं बसा. पँट कंबरेत किंवा गुडघ्यात आवळली तर ती बदला. मग जमिनीवर बसून पाठ भिंतीला टेकवा, हात गुडघ्यांखाली घाला आणि दोन्ही पाय सरळ उचलून दहा आकडे मोजा. हाच उतरण्याचा पवित्रा. पोटात कळ आली तरी चालेल, पण कापडाने अडवायला नको. त्यानंतर पलंगावर पालथे पडा, छाती आणि मान वर उचला, गुडघे दुमडून पावलं मागे घ्या. मुक्त पतनात शरीर असं धनुष्यासारखं ठेवायचं असतं. टी-शर्ट पँटमधून सुटला का? तो आखूड आहे. वेणी ओढली गेली का? ती आत जास्त घट्ट सोडली आहे.

शेवटी उभे राहून जागेवर दहा उड्या मारा आणि डोकं जोरात हलवा. जे हललं, वाजलं, निघालं किंवा डोळ्यांवर आलं, ते उद्या घालू नका.

केंद्रावर पोचल्यावर

हार्नेस चढवण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, नंतर सगळं उतरवावं लागतं. हार्नेस घालताना इन्स्ट्रक्टर मांडीचे पट्टे आवळेल तेव्हा ताठ उभे राहा आणि त्याने सांगितल्यावर किंचित वाका. पट्ट्याखाली कापडाची घडी आली असेल तर तिथेच सांगून ती सरळ करून घ्या. पट्टे घट्ट आणि थोडे त्रासदायक लागले की ते बरोबर बसलेत. चालताना माणूस जरा वाकूनच चालतो. मुंग्या येत असतील तर मात्र बोला. कोणत्याही बकलला स्वतः हात लावू नका.

विमानात बसल्यावर इन्स्ट्रक्टर तुम्हाला स्वतःशी चार ठिकाणी जोडतो, दोन खांद्यांशी आणि दोन कंबरेशी. त्याच वेळी टी-शर्टचा गळा, वेणी आणि बफ पट्ट्याखाली अडकलेले नाहीत ना, हे बोटाने चाचपून घ्या. हातमोजे वर चढताना घाला, दार उघडल्यावर नाही.

एकट्याने शिकायचं असेल तर

कोर्सला आलात की वरचं सगळं लागू आहेच, पण आता पॅराशूट तुम्ही उघडणार. मुख्य पॅराशूटची मूठ बहुधा पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी उजव्या बाजूला असते आणि संकटकाळच्या दोन मुठी छातीवर, उजवीकडची बिघडलेलं पॅराशूट सोडून देण्याची आणि डावीकडची राखीव पॅराशूटची. या तीनपैकी कोणत्याही मुठीवर कापड येता कामा नये. म्हणून हार्नेसवरून जॅकेट नाही, उघडी चेन नाही, फुगणारा टी-शर्ट नाही. हातमोजे इतके पातळ हवेत की डोळे मिटूनही मूठ ओळखता आली पाहिजे. घालून सराव करा. मनगटावरचा अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं उपकरण, बाहीच्या वर बांधा. बाही त्याच्यावर सरकली तर उंची दिसणार नाही. हेल्मेट कडक कवचाचं हवं.

जंपसूटच्या मापाने पडण्याचा वेग बदलतो, हे टँडेममध्ये जाणवत नाही पण इथे जाणवतं. सैल सूट हवा अडवतो आणि माणूस हळू पडतो. घट्ट सूटमध्ये वेग वाढतो. म्हणून हलक्या अंगाच्या विद्यार्थ्याला घट्ट सूट देतात आणि वजनदाराला ढगळ, म्हणजे बरोबरच्या इन्स्ट्रक्टरशी वेग जुळतो. सूट ढगळ दिसतो म्हणून बदलून मागण्याआधी कारण विचारा. पंखांचा विंगसूट मात्र २०० उड्यांच्या आत विषयच नाही.

बॅगेत आणखी एक पँट ठेवा. बसून उतरल्यावर बूड गवताने हिरवं नाहीतर मातीने लाल झालेलं असतं, पाऊस पडून गेला असेल तर चिखलाने, आणि परतीचा प्रवास बहुधा तीन-चार तासांचा असतो.